लोकलची क्षमता संपलेली नाही

मुंबईच्या वाहतुकीविषयी बोलताना गेली काही वर्षे एक विधान इतक्या ठामपणे केले जाते की त्याला पुरावा मागायचे कुणाच्या मनातही येत नाही. लोकल तुडुंब भरली आहे, तिच्यात वाढीला वाव उरलेला नाही. महानगर प्रदेशासाठी आखलेले ३३७ किलोमीटरचे मेट्रोचे जाळे पूर्ण झाले की लोकलची गर्दी आपोआप ओसरेल, तोवर प्रवाशांनी कळ काढावी, असे ते विधान. नेत्यांच्या भाषणांत ते येते, प्राधिकरणांच्या सादरीकरणांत येते आणि रोज लोकलने जाणारी माणसेही ते नाइलाजाने मान्य करताना दिसतात.

हे विधान चुकीचे आहे आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने चुकवली जात आहे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर अलीकडच्या काळातही वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी चालत्या गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर लगोलग स्वयंचलित दरवाजांची घोषणा झाली. दरवाजे बंद व्हायला हवेत, याबद्दल वाद नाही. पण माणूस सकाळी आठच्या फास्टला दारात लटकतो, कारण आत पाय ठेवायला जागा नसते आणि ती गाडी सोडली तर पुढचीही तशीच भरून येणार हे त्याला ठाऊक असते. फलाटावरच्या माणसांना पुरेशा गाड्या न देता नुसते दार लावले, तर तीच माणसे फलाटावर साचतील. तेव्हा प्रश्न पुन्हा गाड्यांच्या संख्येवर येतो, म्हणजेच क्षमतेवर. आणि क्षमता संपली आहे, असे आपल्याला सांगितले जाते.

लोहमार्गाची क्षमता मोजायची म्हणजे काही ठरावीक गोष्टी पाहायच्या. गाडी किती डब्यांची आहे, दोन गाड्यांमध्ये किती मिनिटांचे अंतर लागते आणि त्या रुळांवर दुसऱ्या कुठल्या गाड्या वाटेकरी आहेत. मुंबईत यांपैकी एकाही बाबतीत मर्यादा गाठलेली नाही.

डब्यांपासून सुरुवात करू. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची केली तर प्रत्येक फेरीमागे क्षमता २५ टक्क्यांनी वाढते. त्यासाठी नवा मार्ग लागत नाही, नवे खांब लागत नाहीत. फलाट लांबवावे लागतात, सिग्नल हलवावे लागतात आणि गाड्या उभ्या करायला कारशेडमध्ये जागा करावी लागते. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली गाडी २००९ मध्ये धावली, मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये. अंधेरी ते विरार या टप्प्यात धिम्या मार्गावरचे फलाटही २०२१ पर्यंत लांबवण्यात आले. म्हणजे हे करता येते, हे सिद्ध होऊन दीड दशक उलटले. तरीही दिवसभरातल्या तीन हजारांहून अधिक फेऱ्यांतल्या बहुतेक फेऱ्या आजही बारा डब्यांच्याच आहेत.

दोन गाड्यांमधले अंतर ही दुसरी बाब. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत साधारण तीन-चार मिनिटे जातात. हे अंतर रुळांनी ठरवलेले नाही, सिग्नल यंत्रणेने ठरवलेले आहे. पुढची गाडी नेमकी कुठे आहे हे मागच्या गाडीला सतत कळत राहील अशी यंत्रणा, जिला रेल्वेच्या कागदपत्रांत सीबीटीसी म्हणतात, बसवली तर ते आणखी कमी करता येते. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झालेली आहे. सिग्नल यंत्रणा बदलल्यावर २०१७ पासून त्या जुन्या बोगद्यांतून गर्दीच्या तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर शंभर सेकंदाला एक. मुंबईत सीबीटीसीला २०१९ मध्ये, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात मंजुरी मिळाली. लोकलच्या प्रवाशाला तिचा लाभ अजून मिळालेला नाही. त्याच शहरात जमिनीखालून जाणारी मेट्रो-३ मात्र अशाच आधुनिक यंत्रणेवर सुरू झाली. तंत्र उपलब्ध आहे, ते बसवणारी माणसे उपलब्ध आहेत. फरक प्राधान्याचा आहे.

सर्वात मोठी हानी होते ती तिसऱ्या बाबीमुळे. कुर्ला ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) या पट्ट्यात मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर धिम्या गाड्यांचे दोन आणि जलद गाड्यांचे दोन रूळ आहेत. नागपूर, पुणे, कोलकाता, चेन्नई या दिशांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच जलद मार्गावरून ये-जा करतात. एखादी एक्स्प्रेस उशिरा आली की तिच्यामागे लोकलची रांग लागते. यावर उपाय म्हणून पाचवी आणि सहावी मार्गिका टाकायचे ठरले. ठाणे-दिवा हा त्यातला नऊ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला. नऊ किलोमीटरला तेरा वर्षे. त्याच वेळी मंजूर झालेला कुर्ला-सीएसएमटी तुकडा अजूनही पूर्ण व्हायचा आहे. त्याच्या वाटेत येणारा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला शीवचा उड्डाणपूल वाहतुकीसाठी बंद व्हायलाच ऑगस्ट २०२४ उजाडला. बदलापूरकडे जाणाऱ्या मार्गाचीही तीच कथा. कल्याणच्या पुढे दोनच रुळांवरून लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात आणि तिथली तिसरी-चौथी मार्गिका २०१९ च्या मंजुरीनंतर अजून कामात आहे.

ज्या यंत्रणेचे डबे वाढवायचे बाकी आहेत, सिग्नल बदलायचे बाकी आहेत आणि मंजूर मार्गिका टाकायच्या बाकी आहेत, तिची क्षमता संपली असे कुठल्या आधारावर म्हणायचे?

चालत्या लोकलवर एवढी मोठी कामे कशी करणार, असा प्रतिप्रश्न इथे हमखास येतो. त्याचे उत्तर याच लोकलच्या इतिहासात आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर धावली. पुढे जवळजवळ नऊ दशके मुंबईची लोकल त्याच प्रवाहावर चालली. तो सगळा पसारा बदलून २५ हजार व्होल्ट एसी प्रवाहावर आणण्याचे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य व हार्बर मार्गांवर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. विजेच्या तारा, उपकेंद्रे, पुलांची उंची, गाड्यांची यंत्रे, सगळे बदलले. रात्रीचे काही तास आणि रविवारचे मेगाब्लॉक एवढ्या अवधीत रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि गँगमननी ते केले. सोमवारी सकाळी शहर नेहमीसारखे कामावर गेले. हे करून दाखवणाऱ्या संस्थेला फलाट लांबवणे अशक्य आहे, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

आता दुसरा दावा: मेट्रो आली की लोकलची गर्दी ओसरेल.

या दाव्याची परीक्षा घ्यायला घाटकोपर पुरेसे आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो-१ जून २०१४ मध्ये सुरू झाली. मुंबईतल्या सर्वात यशस्वी मेट्रो मार्गांत तिची गणना होते आणि ते योग्यच आहे. लोकल उत्तर-दक्षिण धावते. पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडणारा रेल्वेमार्ग मधल्या सगळ्या पट्ट्यात नव्हता. पूर्वी डोंबिवलीच्या माणसाला अंधेरीला जायचे तर दादरला उतरून गाडी बदलावी लागे. मेट्रो आल्यावर तो घाटकोपरला उतरू लागला. त्याचा वेळ वाचला, दादरच्या पुलावरचा भार थोडा कमी झाला. पण डोंबिवली ते घाटकोपर हा प्रवास तो लोकलनेच करतो आणि ज्या घाटकोपर स्थानकात तो उतरतो, त्याचे पूल आणि जिने या नव्या गर्दीसाठी बांधलेले नव्हते. मेट्रो एका संस्थेने बांधली, स्थानक दुसऱ्या संस्थेचे राहिले. स्थानकाचा कायापालट मेट्रोच्या आधी व्हायला हवा होता. तो मेट्रो सुरू होऊन कित्येक वर्षांनी हाती घेतला गेला.

याचा अर्थ उघड आहे. चांगली मेट्रो लोकलचे प्रवासी पळवत नाही, त्यांना नव्या दिशा देते आणि लोकलला नवे प्रवासीही आणून देते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो पूर्ण झाली की भिवंडीतून आजवर रेल्वेपर्यंत सहज पोहोचू न शकणारा माणूस ठाण्याला आणि कल्याणला येईल. कल्याण-तळोजा मार्गाचेही तेच. हे स्वागतार्ह आहे. पण ही माणसे पुढे कुठल्या गाडीत बसणार याचे गणित मेट्रोच्या आराखड्यात नसेल, तर ठाणे आणि कल्याण स्थानकांवर उद्या घाटकोपरची पुनरावृत्ती होणार.

लोकसंख्येचे आकडेही हेच सांगतात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, उपनगर जिल्ह्याची आठ टक्क्यांनी वाढली आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. घरे कल्याण, बदलापूर, विरार, पनवेलकडे सरकली. नोकऱ्यांचा मोठा भाग मात्र दक्षिणेकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अंधेरीच्या आसपासच राहिला. पन्नास-साठ किलोमीटरचा असा रोजचा प्रवास मेट्रोने करायचा म्हटले तर दर एक-दीड किलोमीटरवर थांबत जावे लागेल. लांबच्या उपनगरातून वेगाने, हजारोंच्या संख्येने माणसे आणण्याचे काम रुंद डब्यांच्या, जलद मार्गावर धावणाऱ्या लोकलचेच आहे. बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी पाच हजारांच्या आसपास माणसे वाहते. ती अमानुष दाटी आहे, समर्थनीय नाही. पण सहा डब्यांच्या मेट्रोत सगळी जागा भरली तरी दोन-सव्वादोन हजार माणसे मावतात. या दोन वाहनांची कामे वेगळी आहेत. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

जोडणी नसली तर काय होते, हे मोनोरेलने दाखवून दिले आहे. चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला, पुढे मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. सुमारे वीस किलोमीटरच्या या मार्गाने दिवसाला काही हजार प्रवाशांपलीकडे मजल मारली नाही. माणसे जिथून निघतात आणि जिथे जातात त्या दोन टोकांशी तिचा नीट सांधा जुळलाच नाही. ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात गाडी मध्येच अडकून प्रवाशांना बाहेर काढावे लागले आणि पुढच्याच महिन्यात सेवा स्थगित झाली. मोनोरेलच्या उद्घाटनाला टाळ्या पडल्या होत्या. बांधलेल्या किलोमीटरांवर यश मोजण्याची सवय किती महाग पडते, याचा तो धडा आहे.

तिसरा दावा जागेचा. रुळांलगत वस्त्या आहेत, जमीन मिळत नाही, म्हणून मार्गिका रखडतात. हा अडथळा खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कळवा-ऐरोली जोडमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. तो झाला तर कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्या माणसाला ठाणे स्थानकात उतरून गाडी बदलावी लागणार नाही. ठाण्याचा श्वास मोकळा करणारा यापेक्षा थेट उपाय दुसरा नाही. या प्रकल्पातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये खुले झाले, पण प्रत्यक्ष जोडमार्ग सुमारे हजार कुटुंबांच्या पुनर्वसनाशी येऊन थांबला.

पण याच शहराने याहून कितीतरी मोठे पुनर्वसन केलेले आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर आलेल्या अटींनुसार, रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना घरे देऊन हलवण्यात आले. त्यात त्रुटी होत्या. काही कुटुंबे रोजगारापासून फार दूर फेकली गेली, त्यांच्या तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या. तरीही पुनर्वसनाचा खर्च, घरे आणि जबाबदार संस्था आधी ठरली की मार्गिका पुढे सरकतात, हे त्यातून दिसले. कळव्याच्या कुटुंबांना जवळपास, कामधंद्याच्या आवाक्यात घरे देणे हे राज्य सरकारच्या अखत्यारीतले काम आहे. मेट्रो-३ च्या कारशेडची जागा २०१९ पासून तीन वर्षांत आरेतून कांजूरमार्गला आणि कांजूरमार्गहून पुन्हा आरेत नेणाऱ्या राजकीय यंत्रणेने त्या वादासाठी जितकी शक्ती खर्च केली, तिचा काही हिस्सा जरी कळव्याला मिळाला असता, तरी हा प्रश्न एव्हाना सुटला असता.

शिवाय शहराने मोकळी जमीन वापरली कशी, हेही विचारायला हवे. गिरण्यांच्या जमिनीवर परळ-लोअर परळमध्ये कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, हजारो नोकऱ्या आल्या. त्या नोकऱ्यांवर येणारी माणसे ज्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांत उतरत होती, ती स्थानके गिरणी कामगारांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तिथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने तिथे नवा पूल अवघ्या पाच महिन्यांत उभा केला. पूल पाच महिन्यांत होऊ शकत होता, तर इमारतींना परवानग्या देताना तो का झाला नाही, याचे उत्तर त्या २३ कुटुंबांना अजून कुणी दिलेले नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्टही याच जातीची. देशातल्या सर्वात महाग व्यापारी संकुलांपैकी एक उभारून आणि तिथले भूखंड विकून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) हजारो कोटी मिळवले. पण त्या संकुलाला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो-३ चा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा. तोपर्यंतची दोन-तीन दशके वांद्रे आणि कुर्ला स्थानकांबाहेर शेअर रिक्षांच्या रांगांत गेली.

राहिला पैशाचा मुद्दा. लोकल तोट्यात चालते, किमान भाडे पाच रुपये आहे, त्यात विस्ताराला पैसा कुठून येणार, असे विचारले जाते. पण विस्तारासाठी पैसा नाही असे म्हणणारे हे राज्य पैसा उभा करताना दिसते. मेट्रो-३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. ३३.५ किलोमीटरच्या मार्गासाठी हा दर किलोमीटरला अकराशे कोटींच्या आसपास जातो. भुयारी मार्गाचा खर्च जास्त असणारच आणि मेट्रो-३ ने काळबादेवी, गिरगाव, वरळी, विमानतळ, सीप्झ अशा लोकल न पोहोचलेल्या भागांना रेल्वे दिली, हे तिचे मोल आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेला सुमारे ६२० कोटी लागले, म्हणजे मेट्रो-३ च्या साधारण अर्ध्या किलोमीटरएवढे. आणि नागरी वाहतूक प्रकल्पाचे ३ आणि ३-अ हे दोन्ही टप्पे, म्हणजे नव्या मार्गिका, सिग्नल यंत्रणा, स्थानकांची सुधारणा आणि दोनशेहून अधिक नव्या गाड्या, यांची मंजूर रक्कम मिळून पंचेचाळीस हजार कोटींच्या आत आहे. पंच्याहत्तर लाख ते ऐंशी लाख प्रवासी वाहण्याचा अनुभव असलेल्या जाळ्यासाठी ही रक्कम जास्त नाही. ती वेळेवर मिळत नाही आणि वेळेवर खर्च होत नाही, हा खरा दोष.

पैसा कसा उभारावा, हेही महाराष्ट्राला नव्याने शिकायला नको. सिडकोने नवी मुंबईतले रेल्वेमार्ग बांधताना ६७ टक्के खर्च स्वतः उचलला, रेल्वेने ३३ टक्के. नव्या शहरातल्या जमिनीच्या विक्रीतून हा पैसा आला. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला. पुढे बेलापूर, पनवेल, २००४ मध्ये ठाणे-वाशी आणि २०१८ ते २०२४ या काळात उरण अशी साखळी वाढत गेली. स्थानकांवरच कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. रेल्वे आल्यामुळे जमिनीचा भाव वाढतो, तेव्हा त्या वाढीचा वाटा रेल्वेला मिळाला पाहिजे, हे साधे तत्त्व तिथे राबवले गेले. आज मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. बदलापूर किंवा वसईकडे वाढणाऱ्या वस्त्यांच्या किमती ज्या लोकलमुळे वाढतात, तिच्या मार्गिकांनाही अशा उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा मिळायला हवा.

भाड्याबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. मेट्रो-३ चे कमाल तिकीट ७० रुपये आहे. दिवसाला सातशे-आठशे रुपये कमावणाऱ्या माणसाला दोन्ही वेळचे मिळून १४० रुपये परवडत नाहीत, तो लोकलचा पास काढतो. लोकलमध्ये सुधारणा करताना याचा विसर पडला तर काय होते, ते २०२२ मध्ये दिसले. ठाणे-दिवा मार्गिका सुरू झाल्यावर मध्य रेल्वेवर ज्या जादा फेऱ्या जाहीर झाल्या त्यांतल्या बहुतेक वातानुकूलित होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या आल्याने कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर आले आणि रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांचा विरोध थंड हवेला नव्हता. वाढलेली क्षमता आपल्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना दिसत होते.

मग लोकल मागे का पडली? उत्तर मालकीत आहे. लोकल रेल्वे मंत्रालयाची, तिच्या वेळापत्रकाचा निर्णय मध्य आणि पश्चिम रेल्वेचा, विस्ताराचे काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे, ज्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के. बहुतेक मेट्रो मार्ग एमएमआरडीएचे, मेट्रो-३ वेगळ्या महामंडळाची, नवी मुंबईची मेट्रो सिडकोची, बस बेस्टची आणि प्रत्येक महापालिकेची. प्रत्येक संस्था आपला मार्ग आखते, आपली फीत कापते. ज्या ठिकाणी दोन मार्ग भेटतात ती जागा मात्र कुणाचीच नसते. राज्य सरकारने लोकलच्या नव्या मार्गिकांसाठी अर्धा पैसा द्यायचा, पण त्या सुरू झाल्याचे राजकीय श्रेय दिल्लीकडे जायचे, अशी रचना असेल तर राज्याचा उत्साह मेट्रोकडे वळणे स्वाभाविक आहे. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली २००८ च्या सुमारास एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण नेमले गेले, परंतु त्याला कायद्याचे बळ आणि अर्थसंकल्पावर अधिकार दिला गेला नाही. ते कागदावर राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अ‍ॅपने अकरा संस्थांची तिकिटे एकत्र आणली, ही चांगली सुरुवात आहे. तिकिटे एकत्र येऊ शकतात, तर आराखडे का नाहीत?

ज्या शहरांनी हे कोडे सोडवले, त्यांनी मेट्रो आणि उपनगरी रेल्वे यांना प्रतिस्पर्धी मानले नाही. टोकियोत १९६० पासून भुयारी मार्ग आणि उपनगरी रेल्वे यांच्या गाड्या एकमेकींच्या रुळांवरून थेट धावतात. बाहेरच्या गावात गाडीत बसलेला माणूस शहराच्या मध्यभागी न बदलता पोहोचतो. पॅरिसने १९७७ मध्ये उपनगरी मार्ग शहराखालून एकत्र आणून शाटले-ले-आल येथे मेट्रोशी जोडले. आपल्याच देशात दिल्ली-मेरठ मार्गावर नमो भारत आणि मेरठची मेट्रो एकच लोहमार्ग वापरतील अशी रचना केली गेली. मुंबईत ही संधी गेली, कारण लोकल ब्रॉडगेजवर आणि मेट्रो स्टँडर्डगेजवर बांधली गेली. गाड्या एकमेकींच्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. म्हणूनच स्थानकातला बदल, म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीत चढायला लागणारी मिनिटे आणि पायऱ्या, याला इथे दुप्पट महत्त्व आहे.

जोडणी चुकल्याची उदाहरणेही जवळच आहेत. दिल्लीचा रिंग रेल्वेमार्ग १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी प्रवाशांसाठी सजवला गेला, पण त्याची स्थानके बस आणि वस्त्यांपासून तुटलेली राहिल्याने तो विस्मरणात गेला. चेन्नईची उन्नत एमआरटीएस १९९५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या शेवटच्या पाच किलोमीटरचे काम जमिनीच्या वादात दशकाहून अधिक काळ अडले. पुण्याला यातून वेळीच शिकता येईल. पुण्याची मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली, तिचे मार्ग वाढत आहेत. पण पुणे-लोणावळा लोकल अजूनही लांब पल्ल्याच्या गाड्यांबरोबर दोन रुळांवर जागा शोधते आहे. पिंपरी, तळेगाव, मावळाकडे वाढणाऱ्या शहराला तिसरी-चौथी मार्गिका मेट्रोइतकीच तातडीची आहे.

दुसऱ्या टोकाला एक गट असाही आहे जो म्हणतो, मेट्रो म्हणजे पैशाची उधळण, ती थांबवा आणि सगळे लोकलला द्या. हेही मान्य करण्यासारखे नाही. लोकलचे रूळ जिथे नाहीत तिथे लोकल वाढवता येत नाही. जोगेश्वरी ते विक्रोळी, वडाळा ते घोडबंदर, भिवंडी ते कल्याण या पट्ट्यांना मेट्रोच लागेल आणि तिथे सुरू झालेली कामे अर्धवट सोडणे हा दुसरा अपव्यय होईल. बेस्टकडेही याच नजरेने पाहायला हवे. एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला तिच्या गाड्यांचा ताफा तीन हजारांच्या खाली आला, तेव्हा स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर रिक्षावाल्याच्या मर्जीवर गेले. रेल्वे, मेट्रो आणि बस ही एकाच शरीराची अंगे आहेत. त्यांची आखणी एका टेबलावर व्हायला हवी.

त्यासाठी मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. परिवहन प्राधिकरणाला विधिमंडळात कायदा करून अधिकार द्यावेत आणि नव्या मेट्रो मार्गाचा एकही प्रकल्प अहवाल त्याच्या मान्यतेशिवाय मंत्रिमंडळापुढे जाऊ नये. मेट्रोचे स्थानक ज्या लोकल स्थानकाशी जोडले जाणार, तिथले पूल, फलाट आणि बाहेर पडण्याचे मार्ग मेट्रोच्याच खर्चात धरावेत आणि ते पूर्ण झाल्याखेरीज मेट्रोची फीत कापू नये. कुर्ला-सीएसएमटी, कल्याण-बदलापूर आणि कळवा-ऐरोली या तीन कामांसाठी मुख्यमंत्री आणि रेल्वेमंत्री यांनी संयुक्त कालमर्यादा जाहीर करावी, दर तीन महिन्यांनी प्रगती लोकांपुढे मांडावी आणि कळव्याच्या कुटुंबांच्या घरांचा निर्णय त्या वेळापत्रकातली पहिली नोंद असावी. पंधरा डब्यांसाठीचे फलाट आणि नवी सिग्नल यंत्रणा यांचा पैसा मेट्रो अधिभाराच्या ठरावीक वाट्यातून यावा. आणि वाढीव फेऱ्यांपैकी साध्या भाड्याच्या फेऱ्या किती, हे प्रत्येक वेळी आधी जाहीर व्हावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लावावा लागत नाही. बहुतेक कामे मंजूर आहेत, काही निम्मी झालेली आहेत. येत्या अर्थसंकल्पात राज्य आणि रेल्वे यांनी आपापला वाटा पूर्ण टाकला, तर कल्याणच्या पुढे राहणाऱ्या लाखो माणसांना मेट्रोच्या ३३७ व्या किलोमीटरची वाट पाहत बसावे लागणार नाही.